एकोणसत्तर हजार सातशे तेहेतीस

अप्पांनी दादाला तो आकडा पट्टीने शिकवला. पट्टी पितळेची, फूटभर लांब, कडेने झिजून धारदार झालेली. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अप्पा बसत, समोर नऊ वर्षांचा दादा उभा, आणि दाराआड त्याची सहा वर्षांची बहीण चिमी, कानात बोटं घालून, पण बोटं जरा सैल ठेवून.

"मिनिटाला एक कॅलरी म्हणजे किती मायक्रोवॅट?"

"एकोणसत्तर हजार..."

"पुढे?"

दादाची नजर पट्टीवर.

"हात पुढे!"

सप्प. दादा ओरडत नसे; ओरडलं की एक जास्तीची मिळे. कधी तो सातशेला अडायचा, कधी तेहेतीसला. एकदा त्याने बत्तीस म्हटलं. त्या एका आकड्यापायी अप्पांनी असं झोडपलं की तळहात सुजून टम्म झाला, दोन दिवस पोराला पेन्सिल धरता येईना. आई मध्ये पडली तर तिच्याही दंडावर एक उठली. पण तिसऱ्या दिवसापासून दादाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो धडाधडा म्हणायचा, एकोणसत्तर हजार सातशे तेहेतीस. अप्पा म्हणाले, "बघ, आता मरेपर्यंत विसरायचा नाहीस." आणि पठ्ठ्या खरंच विसरला नाही. तिथेच तर सगळं घोडं पेंड खातं.

अप्पा दारूच्या कारखान्यात मोजणीदार होते. दगडाच्या खाणीत सुरुंगाला लागते ती दारू, बरं का. पिणाऱ्यांनी उगाच जिभल्या चाटू नयेत. ही दारू पिंपात बंद करून ठेवली तरी आतल्या आत किंचित तापत असते. किती किंचित? चांगल्या दारूच्या पन्नास किलोच्या पिंपातली दिवसभराची उष्णता गोळा केली, तरी कपभर पाणी धड कोमट होणार नाही. पण दारू नासली की जास्त तापते, तापली की आणखी नासते, आणि मग एक दिवस पिंप, खोली, माणसं, सगळंच आभाळात. म्हणून चिमूटभर नमुना यंत्रात ठेवायचा आणि किलोमागे किती उष्णता सुटते ते मोजायचं. यंत्र बोलतं मायक्रोवॅटमध्ये. एका वॅटचे दहा लाख तुकडे करा, त्यातला एक तुकडा म्हणजे मायक्रोवॅट. कारखान्याचा कागद मात्र मागतो कॅलरी. मध्ये एक भागाकार, बस. आणि त्या भागाकारावर पंधरा माणसांचे जीव.

दादाने आपल्या जागी मोजणीदार व्हावं, असं अप्पांनी ठरवून टाकलं होतं. दादाने सोळाव्या वर्षी पट्टी त्यांच्या हातातून हिसकली, खिडकीबाहेर भिरकावली, अप्पांचा गळा धरून त्यांना भिंतीशी रेटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कारखान्यात पिंपं ढकलायला लागला. आज तो पन्नाशीला आलाय, दारू दाबून कांड्या करतात त्या प्रेसच्या खोलीचा मुकादम आहे, अंगाने दरवाजाएवढा रुंद आहे, आणि चिडला की आधी हात चालतो, तोंड मागाहून. मोजणीदार झाली ती चिमी. एकही फटका न खाता, दाराआडून, तिला सगळं पाठ झालं होतं. खिडकीबाहेरची पट्टीही तिनेच उचलून आणली. आता कारखाना तिला मापताई म्हणतो. चिमे म्हणणारा एकटा दादाच उरलाय.

अकरा वर्षांपूर्वी कागद बदलला. मिनिटाच्या हिशोबात आकडे फार बारीक यायचे, शून्य पॉइंट शून्य दोन, शून्य पॉइंट शून्य तीन. एखादं शून्य गिळलं गेलं की सावळागोंधळ. म्हणून वरच्यांनी ठरवलं, इथून पुढे तासाला किती कॅलरी ते लिहायचं. आता भागायचं ते अकराशे बासष्टने. दारू चांगली असेल तर एक, सव्वा, दीड असा सुटसुटीत आकडा येतो. पाचाच्या वर गेला की पिंप पाण्यात बुडवायचं, चर्चा नाही.

मोजणीच्या खोलीत भिंतीवर अप्पांनी स्वतः रंगवलेली ओळ होती, मिनिटाची. मापताईने तिच्याखाली दुसरी रंगवली, तासाची. वरची पुसून टाकायला हवी होती. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन ती खुर्चीवर चढलीसुद्धा. पण बापाच्या हातचं अक्षर. तिचा हात पुढे होईना. राहू दे, कोणाला खुपतंय, म्हणत ती खाली उतरली. ही चूक तिची. ती स्वतःच सांगते, मग मी कशाला झाकू?

आता स्टुलाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रेसच्या खोलीत एक लाकडी स्टूल आहे. कारखाना उभा राहिला तेव्हापासूनची रीत अशी, की कागदावर सही ज्याची, त्याने पिंप उघडल्यापासून पहिला तास पिंपाला पाठ लावून त्या स्टुलावर बसायचं. डोक्यावर पाण्याची टाकी, टाकीची दोरी हाताशी. दोरी ओढली की टाकी पालथी होते आणि दारूचा चिखल. सही करणारा बसलाय तोवर कोणी जागा सोडायची नाही. तो उठून उभा राहिला, की का आणि कशाला न विचारता सगळ्यांनी पळायचं. झक्क रीत. स्वतःची पाठ पणाला लावायची म्हटल्यावर खोटी सही करायची कोणाची छाती होणार? अप्पा तीस वर्षं त्या स्टुलावर बसले, मापताई बावीस वर्षं बसली, स्वेटर विणत. माणूस लबाडी करतोय का, ते स्टूल बरोबर सांगायचं. पण लबाडी नाहीच, भागाकार चुकलाय, तर बिचारं लाकडाचं स्टूल काय करणार?

त्या आठवड्यात मापताईच्या अक्कलदाढेने दावा साधला. दाढ काढावी लागली, डॉक्टरने तीन दिवस घरी बसवलं. तिनेच मॅनेजरला सांगितलं, "मोजणीचं दादा बघेल. त्याला येतं." मॅनेजरने मान डोलावली. तीन दिवसांत एकच नमुना मोजायचा होता, एकाच पिंपाचा.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला ती कामावर आली. उजवा गाल फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा. तिने रजिस्टर उघडलं. दादाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, एक पॉइंट दोन, आणि खाली सही. तिला खरंच बरं वाटलं. जमलं की रेड्याला, ती मनात म्हणाली. आजवर तिच्या स्वतःच्या हातून शंभरदा तरी लिहिला गेला असेल असा भला आकडा. यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी टेबलावर पडली होती. ती चिकटवायची राहिली होती. तिने गोंद घेतला, पट्टी उचलली आणि सहज वाचली.

त्र्याऐंशी हजार सहाशे ऐंशी.

चांगल्या दारूला यंत्र चौदाशे दाखवतं. फार तर दोन हजार.

तिने पेन घेतलं आणि अकराशे बासष्टने भागलं. बहात्तर. पुन्हा भागलं. बहात्तरच. मग तिने वर भिंतीकडे पाहिलं, अप्पांच्या ओळीकडे, आणि त्या आकड्याने भागलं. एक पॉइंट दोन. बरोबर साठपटीचा फरक. पाचाच्या वर गेलं की बुडवायचं, आणि हे बहात्तर. तेही तीन दिवसांपूर्वीचे. आज किती असतील, देव जाणे.

आणि आजच्या पाटीवर खडूने लिहिलेलं होतं, पिंप उघडणे, दहा वाजून दहा मिनिटे. स्टुलावर दादा.

ती धावली. एका हातात कागद, दुसऱ्या हातात अप्पांची पट्टी. रेघ मारायला घेतलेली, हातातच राहिली. फोन करायची सोय नव्हती, ठिणगीच्या भीतीने प्रेसच्या खोलीत तार नेत नाहीत. मधलं अंगण, मग खोलीभोवतीचा छातीभर उंच मातीचा बांध, मग दार. दारात कापडी बूट घालायचे असतात. ती अनवाणीच आत घुसली.

आत चौदा माणसं आपापल्या प्रेसवर होती. मधोमध पिंप, पिंपाला टेकून स्टूल, स्टुलावर दादा. हात छातीवर बांधून, पाय फाकवून, असा ऐटीत बसलेला की बघत राहावं.

"दादा, ऊठ!"

तोंडात कापूस, आवाज डब्यात बोलल्यासारखा आला. पहिल्या प्रेसवर लंबू होता, साडेसहा फुटी आणि जिभेला हाड नसलेला. तो खो खो हसला. "मापताई, दाढ काढली का जीभ?"

"दादा, बहात्तर आहे! एक पॉइंट दोन नाही, बहात्तर! तू मिनिटाने भागलंस. तासाने भागायचं होतं!"

"हळू बोल, चिमे. माणसं काम करतायत."

"अकराशे बासष्टने भागायचं होतं रे!"

"एकोणसत्तर हजार सातशे तेहेतीस," दादा म्हणाला. शांतपणे. एखाद्याने आपलं नाव सांगावं तसा. "भिंतीवर आहे."

"भिंतीवर दोन आहेत!"

"असतील. मला भिंत बघायची गरज नाही." त्याने उजवा तळहात उघडून तिच्यापुढे धरला. "मला इथे येतो तो."

"अरे, अप्पांना शून्य पॉइंट शून्य दोन यायचं! त्यांच्या वेळी एक पॉइंट दोन आला असता ना, तर ते चपला टाकून पळाले असते!"

दादाच्या कपाळावर एक आठी आली. मापताईने ती पाहिली. खोलीत ते दोघंच असते तर तो उठला असता, हे ती आजही छातीवर हात ठेवून सांगते. पण चौदा माणसं बघत होती, लंबू दात काढत होता, आणि दादाने आयुष्यात पहिल्यांदा त्या कागदावर सही केली होती. पट्टी खिडकीबाहेर फेकली म्हणून काय झालं. या स्टुलावर बसायचं चौतीस वर्षं त्याच्या मनात होतं. आठी गेली.

मापताईने पिंपाला हात लावला. जाड लाकूड, तरीही आतून ऊब येत होती, तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखी. "हात लावून बघ! तापलंय!"

"सकाळपासून गाड्यावर उन्हात उभं होतं," लंबू म्हणाला. आणि ते खरंही होतं, हाच तर वैताग.

बोलण्यात वेळ घालवायची ही वेळ नव्हती. तिने सरळ दोरीकडे झेप घेतली.

दादाचा हात आधी चालला. त्याने तिच्या कानाखाली असा जाळ काढला की ती गिरकी घेऊन पडली. नेमका उजवा गाल, नेमकी दाढेची जागा. टाके तुटले, तोंड रक्ताने भरलं. क्षणभर खोली अंधारली. "दोरीला हात लावायचा नाही!" दादा गरजला. "माझी सही आहे! माझी!"

मापताईच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगतो ना मी, भीती राहिली बाजूला; लहानपणापासून गिळलेला सगळा राग एकदम वर आला. ती तशीच सरपटत गेली, दोन्ही हातांनी स्टुलाचा पाय धरला आणि सगळ्या ताकदीनिशी ओढला. स्टूल निसटलं. एवढा धिप्पाड माणूस, धाडकन जमिनीवर आदळला. तोल सावरायला वळला तसं डोकं पिंपाच्या कडेवर आपटून भुवई फुटली.

चौदाच्या चौदा माणसं जागची हलली. दोघं तर दारापर्यंत पोचली.

"बसा!" दादा जमिनीवरूनच ओरडला, डोळ्यात रक्त उतरत होतं. "उठलो नाहीये मी! पडलोय!"

आणि सगळी बसली. काय म्हणावं या माणसांना? रीत म्हणजे रीत. मुकादम पडलाय, उठलेला नाही. दारापर्यंत गेलेली दोघंही मान खाली घालून परत आली. दादाने गुडघ्यावर रांगत स्टूल ओढून घेतलं आणि पुन्हा त्यावर चढून बसला, जास्तच घट्ट.

मापताई त्याच्यावर तुटून पडली. तिने त्याचं मनगट दातांत धरलं आणि हाडाला दात लागेपर्यंत सोडलं नाही. त्याने तिचा उजवा हात पकडला आणि पिळला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. लंबूचं हसू तेव्हा कुठे थांबलं. मापताई किंचाळली, तरी डाव्या हाताला बाजूचा लाकडी हातोडा लागला तो तिने उचलला आणि दादाच्या खांद्यावर हाणला. एकदा. दोनदा. दादाने बसल्या जागेवरून लाथ मारली ती तिच्या पोटात बसली. ती मागच्या मागे प्रेसवर जाऊन आदळली, हातोडा कुठच्या कुठे गेला.

"धरा हिला!" दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "धरा, नाहीतर जीव घेईन मी हिचा!"

लंबूने आणि आणखी एकाने तिला दोन्ही बाजूंनी धरलं. मोडलेला हात लोंबत होता. लंबू तिच्या कानाशी म्हणाला, "मापताई, काय डोक्यावर परिणाम झालाय का? सख्खा भाऊ आहे तुमचा."

"पळा," ती म्हणाली. "लंबू, पाया पडते, सगळ्यांना घेऊन पळ."

"मुकादम बसलाय ना," लंबू म्हणाला. झालं. जणू त्यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतंच.

तेवढ्यात तिला वास आला. नाकात, घशात झोंबणारा, आंबूस, जळका. तिने दादाकडे पाहिलं. त्याच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती आणि तो नकळत पुढे सरकून बसला होता, पिंपापासून चार बोटं दूर. रीत अशी, की पाठ टेकलेली हवी. तो मागे झाला, टेकला, आणि चटका बसल्यासारखा पुन्हा पुढे आला.

"पाठ भाजतेय ना रे?" तिने विचारलं.

दादाचे ओठ हलत होते. तो तो आकडाच म्हणत होता. एकोणसत्तर हजार सातशे तेहेतीस. एकोणसत्तर हजार सातशे तेहेतीस. त्याला कळलं होतं. त्याला कळलं होतं आणि तरीही उठवत नव्हतं. इतका मार खाऊन शिकलेली गोष्ट चुकीची कशी असेल? माणूस मरायला तयार होता, पण त्या संध्याकाळी फुकट गेल्या असं मानायला तयार नव्हता.

जमिनीवर, तिच्या पायाशी, पितळी पट्टी पडली होती.

तिने लंबूच्या नडगीवर टाच हाणली. तो कळवळला तशी दुसऱ्याचीही पकड सुटली. ती वाकली, डाव्या हाताने पट्टी उचलली, तोंडातला रक्ताळलेला बोळा थुंकून टाकला, आणि दादासमोर जाऊन उभी राहिली. हातभर अंतरावर. जिथे अप्पा असत, तेवढ्याच अंतरावर. मग पोटातून आवाज काढला, अप्पांचा, घोगरा, संध्याकाळचा.

"हात पुढे!"

दादा उठला.

विचार करून नाही हो. विचाराचा काय संबंध! डोक्याला कळायच्या आत पाय सरळ झाले, पाठ ताठ झाली, आणि उजवा हात पुढे आला, तळवा वर, बोटं मिटू नयेत म्हणून ताणलेली. पन्नास वर्षांचा, दरवाजाएवढा माणूस, भुवईतून रक्त गळतंय, आणि डोळे गच्च मिटलेले.

मुकादम उभा राहिला होता. मग कोण थांबतंय? बाकं उलटली, प्रेस तशाच सोडल्या, चौदा माणसं एका दारातून एकमेकांना चेंगरत बाहेर पडली. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर पाय दिला, लंबूचं कपाळ चौकटीवर आपटलं, तो तसाच पळाला. मापताईने पट्टी कमरेला खोचली, डाव्या हाताने दोरीला लोंबकळली. वरून टाकी पालथी झाली. पाणी पिंपावर पडलं आणि चर्रर्र झालं. पिंपातून तांबूस धूर उसळला. पाण्याला उशीर झाला होता. वरची दारू भिजली, तळाची पेटली होती.

"दादा!"

तो हात पुढे करून उभाच. तिने त्याचा तोच हात धरला आणि हिसका देऊन ओढला. तिचं बळ ते किती, पण तो आला. दोघं दारातून बाहेर पडली, धावत बांध गाठला, त्यावरून पलीकडे पडली.

मग स्फोट झाला.

जमीनच वर उचलली गेली. छपराचे पत्रे पत्त्यांसारखे उडाले, प्रेसचे तुकडे बांधाच्या मातीत सप सप घुसले. मापताईच्या तोंडात, नाकात, डोळ्यांत माती गेली. मोजणीच्या खोलीची अंगणाकडची भिंत कोसळली, अप्पांच्या ओळीसकट. एक पत्रा भिरभिरत आला आणि पळणाऱ्या लंबूचा अर्धा कान घेऊन गेला. किती तरी वेळ वरून काही ना काही पडत राहिलं. लाकूड, विटा, एक कापडी बूट.

सगळी होती. पंधराच्या पंधरा, आणि सोळावी ती. रक्तबंबाळ, भाजलेली, ओरडणारी, पण होती. मॅनेजर ऑफिसातून धावत आला, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. नुसताच माणसं मोजत सुटला, तीनदा चुकला.

दादा बांधाला टेकून बसला होता. दोन्ही कानांतून रक्ताच्या बारीक धारा आल्या होत्या. मापताई त्याला हाका मारत होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता. "काय?" तो ओरडून म्हणाला. "चिमे, तू बोलतेस का? मला काही येत नाहीये ऐकू."

ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. उजवा हात तिने पदराने गळ्यात बांधून घेतला होता. डाव्या हाताचं बोट तिने काजळीत बुडवलं, दादाचा उजवा तळवा मांडीवर घेतला आणि त्यावर वेडावाकडा आकडा काढला. एक, एक, सहा, दोन.

दादाने वाचलं. ओठ हलवत वाचलं. अकराशे बासष्ट. पुन्हा वाचलं. मग त्याने जिथे खोली होती तिकडे पाहिलं, बांधापाशी बसलेल्या चौदा माणसांकडे पाहिलं, कान धरून कण्हणाऱ्या लंबूकडे पाहिलं, आणि तिच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं. त्याचा चेहरा नऊ वर्षांच्या पोरासारखा वाकडा झाला.

तो भिंतीला धरावं तसा बांधाला धरून उभा राहिला. पितळी पट्टी मातीत पडली होती ती त्याने उचलून तिच्या डाव्या हातात दिली आणि स्वतःचा हात पुढे केला, तळवा वर, काजळीचा आकडा वर.

"मार," तो बहिऱ्या माणसासारखा मोठ्याने म्हणाला. "मार, चिमे. त्याशिवाय माझ्या लक्षात नाही राहायचं."

आणि त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

मारणार नाही, असं ती घसा फोडून सांगत होती. नाही मारणार रे दादा, कधीच नाही. त्याला ऐकू येत नव्हतं. तो हात पुढे करून उभा होता.